टीबीचा जंतू, घराची खिडकी आणि जेवणाचे ताट

मुंबईच्या गोवंडीत नटवर पारेख कंपाउंड नावाची वसाहत आहे. रस्ते आणि रेल्वेच्या कामांसाठी हलवलेल्या झोपडपट्टीवासीयांना तिथे सात मजली इमारतींमध्ये घरे देण्यात आली. घर २२५ चौरस फुटांचे, पक्के, नळ आणि संडास घरातच. कागदावर पाहिले तर झोपडीपेक्षा कितीतरी चांगले. पण दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारीही ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. इमारतींमधल्या बोळात वरून कचरा पडतो. त्याचा वास, डास आणि उंदीर घरात येऊ नयेत म्हणून जी काही एखादी खिडकी आहे, तीही बंद ठेवावी लागते.

या भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी, मुंबई यांनी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये समोर आले. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या दाटीने बांधलेल्या वसाहतींमध्ये क्षयरोग, म्हणजे टीबी झालेली घरे जास्त आढळली. जवळच्याच, पण इमारतींमध्ये मोकळी जागा सोडलेल्या पीएमजीपी वसाहतीत ती बरीच कमी होती. दाट वसाहतींमध्येही खालच्या मजल्यांवर, जिथे उजेड आणि वारा पोहोचत नाही, तिथे आजाराचे प्रमाण अधिक दिसले.

अशा एका पाहणीवरून 'घरामुळेच टीबी झाला' असे म्हणता येत नाही. कुटुंबाचे उत्पन्न, खाणे, व्यसने, घरातली माणसे अशा अनेक गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. तरीही एक प्रश्न उरतोच. जंतू तोच, शहर तेच, सरकारी दवाखानाही तोच, मग आजार एका इमारतीत जास्त आणि दुसरीत कमी का?

जंतू अनेकांत, आजार थोड्यांना

जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्याआधी हा आजार कोणी आनुवंशिक मानत, कोणी नशिबाचा भोग. कॉख यांनी खरा गुन्हेगार पकडून दिला. पण गुन्हेगार ओळखला म्हणून लगेच कोणाचा जीव वाचला नाही. या शोधानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन आलेल्या या तरुणीचे वय तेव्हा अवघे २१ होते. क्षयावरचे पहिले खरे प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले.

मात्र इंग्लंड आणि युरोपातल्या अनेक देशांत क्षयाने होणारे मृत्यू हे औषध येण्याच्या कित्येक दशके आधीपासूनच कमी होत चालले होते. ब्रिटिश डॉक्टर थॉमस मॅककिऑन यांनी त्याचे मुख्य श्रेय सुधारलेल्या आहाराला दिले. पुढच्या अभ्यासकांनी त्यांना आक्षेप घेतला. गटारे, घरांचे कायदे, रुग्णांना वेगळे ठेवणे यांचाही मोठा वाटा होता, असे त्यांचे म्हणणे. कोणाचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण लोकांचे राहणे-खाणे बदलल्यावर क्षय हटू लागला होता, एवढे त्यातून नक्की दिसते.

याचे कारण या जंतूच्या स्वभावात आहे. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना पत्ताही लागत नाही. शरीरातल्या संरक्षक पेशी जंतूभोवती कडे करून त्याला डांबून ठेवतात. जंतू शिरलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात पुढे कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांच्या शरीरात तो निपचित पडून राहतो किंवा संपून जातो.

म्हणजे आजार होण्यासाठी दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार हवेचे: जंतू श्वासातून शरीरात शिरला पाहिजे. दुसरे दार प्रतिकारशक्तीचे: शरीराने घातलेले कडे तुटले पाहिजे. पहिल्या दाराचा संबंध घराशी, दाटीशी, खिडकीशी आहे. दुसऱ्याचा संबंध ताटाशी आहे.

हवेचा हिशेब

फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, बोलतो, गातो, तेव्हा अतिशय बारीक थेंब हवेत उडतात. मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंबांतले पाणी उडून जाते आणि जंतू असलेले कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. आज हे सर्वमान्य असले, तरी १९५० च्या दशकापर्यंत त्याचा पक्का पुरावा नव्हता. तो रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात मिळवला. तिथल्या एका रुग्णालयात क्षयाच्या वॉर्डमधली हवा पाइपांनी वरच्या मजल्यावर नेली आणि तिथे पिंजऱ्यांत ठेवलेल्या गिनीपिगना ती श्वासात घ्यायला लावली. रुग्णांशी कसलाही स्पर्श नसताना गिनीपिगना लागण झाली. दुसऱ्या गटाला दिलेल्या हवेवर आधी अतिनील किरण सोडले होते. त्या गटात लागण झाली नाही.

याचा अर्थ सरळ आहे. खोलीत जंतू किती आहेत हे जितके महत्त्वाचे, तितकेच खोलीतली हवा किती वेळा बदलते हेही महत्त्वाचे. चहात मीठ पडले तर जास्त चहा ओतून खारटपणा कमी करता येतो, तसेच हे. बाहेरची हवा आत येत राहिली की जंतू विरळ होतात आणि खोलीत बसलेल्याच्या वाट्याला कमी येतात. बंद खोलीत मात्र सहा जण रात्रभर एकमेकांच्या उच्छ्वासातलीच हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहतात. त्या सहांत एक जण न ओळखलेला रुग्ण असेल, तर महिनाभरात बाकीच्या पाचांच्या फुप्फुसांत जंतू कितीदा गेला असेल, याची कल्पना करता येते.

पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांत संशोधकांनी ही हवा मोजली. त्याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्यावर खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या आधुनिक खोल्यांत हाच आकडा १२ होता. सर्वांत चांगली हवा होती ती १९५० पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठाल्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींमध्ये. महागड्या यंत्रांपेक्षा पणजोबांच्या काळातली खिडकी सरस ठरली.

उन्हाचाही उपयोग आहे. थेट उन्हात क्षयाचा जंतू लवकर मरतो, तर अंधाऱ्या, दमट कोपऱ्यात तो बराच जास्त टिकतो. काचेतून आलेल्या उन्हात ती ताकद फारशी उरत नाही. म्हणून बंद काचेमागच्या उजेडापेक्षा उघड्या खिडकीतून येणारे ऊन आणि वारा मोलाचा.

मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते, ही यातली खरी गंमत. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि शहर हादरले. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले होते. ट्रस्टने त्या काळात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. एका इमारतीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेषा ओढायची. समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाता कामा नये. शाळेतली भूमिती आठवली तर याचा अर्थ कळतो: दोन इमारतींमधली मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी हवी.

हीच पट्टी आजच्या वसाहतींना लावून पाहावी. तळमजला धरून आठ मजल्यांची इमारत साधारण २२ ते २४ मीटर उंच भरते. जुन्या नियमाने तिच्यापुढे ११-१२ मीटर मोकळी जागा लागली असती. गोवंडीत ती तीन मीटर आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजना परवडाव्यात, कमी जागेत जास्त घरे बसावीत, म्हणून नियमांत सवलती दिल्या गेल्या. त्या सवलतींची किंमत आता खालच्या मजल्यावरची माणसे श्वासातून मोजत आहेत.

अर्थात ट्रस्टच्या कारभाराला दुसरी बाजूही होती. कोंदट चाळी पाडल्या गेल्या, पण बेघर झालेल्या सगळ्यांना परवडेल अशी घरे तितक्या वेगाने उभी राहिली नाहीत. हटवलेली माणसे शेजारच्या गल्लीत दाटी करून राहिली. हवा सुधारायची तर माणूस कुठे जाईल, त्याला भाडे परवडेल का, हेही त्याच नकाशावर मांडावे लागते.

ताटाचा हिशेब

आता दुसरे दार. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्याला शरीरभार निर्देशांक किंवा बीएमआय म्हणतात. हा आकडा एकने खाली आला की क्षय होण्याचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. शरीराला पुरेशी प्रथिने आणि उष्मांक मिळाले नाहीत, तर संरक्षक पेशी कमी आणि दुबळ्या होतात, जंतूभोवतीचे कडे सैल पडते.

पण इथे एक अडचण होती. क्षय झाल्यावर भूक मरते, ताप येतो, वजन झपाट्याने उतरते. मग रुग्ण अशक्त होता म्हणून आजारी पडला, की आजारी पडला म्हणून अशक्त झाला? कोंबडी आधी की अंडे, असा हा पेच. तो सोडवायचा तर आजारी नसलेल्या, पण धोक्यात असलेल्या माणसांना जेवू घालून पुढे काय होते ते पाहणे भाग होते.

तेच झारखंडमध्ये केले गेले. मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी, चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेसह ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२२ या काळात 'रेशन्स' नावाचा अभ्यास केला. चार जिल्ह्यांतले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे त्यात होती. पाचपैकी चारांहून अधिक रुग्ण कुपोषित होते. बरेच जण आदिवासी कुटुंबांतले होते.

सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर दरमहा १० किलोचा शिधा दिला गेला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या. कुटुंबांचे मात्र दोन गट केले. एका गटातल्या घरच्या माणसांना माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे मिळाली. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना हा जादा शिधा नव्हता. मग दोन्ही गटांतल्या किती जणांना क्षय होतो यावर लक्ष ठेवले.

निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी कमी होता. इतरांना लागण करू शकणारा, थुंकीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास निम्म्याने कमी होता. ना नवी लस, ना नवे औषध. भात आणि वरण.

रुग्णांच्या बाबतीतही एक उपयोगी गोष्ट हाती लागली. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो. वजनकाटा प्रत्येक उपकेंद्रात असतो. दर भेटीला वजन करून ते कार्डावर लिहिणे आणि वाढत नसेल तर कारण शोधणे, याला जास्तीचा खर्च काहीच नाही.

या अभ्यासातला दीड किलो डाळीचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य मिळते. ते तांदूळ किंवा गव्हाचे असते, डाळ त्या हक्कात नाही. त्यामुळे पोट भरते, पण प्रथिनांची बाजू लंगडी राहते. तूरडाळीचा भाव चढला की गरीब घरातले वरण आधी पातळ होते, मग आठवड्यातून दोनदाच होते. ते पातळ झालेले वरण आरोग्य खात्याच्या कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

मग औषधांचे काय?

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की चांगले खाल्ले, खिडक्या उघडल्या की गोळ्या घेतल्या नाहीत तरी चालेल. तसे मुळीच नाही. याचा धडा मद्रासने साऱ्या जगाला दिला. तेव्हा क्षयाच्या रुग्णाला मोकळ्या हवेच्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवून सकस आहार देण्याची पद्धत होती. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम त्याच परंपरेतले. पण देशात रुग्ण लाखोंनी आणि खाटा मोजक्या. १९५६ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रात अभ्यास सुरू झाला. निम्म्या रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, तर निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी राहूनच औषधे दिली. घरी राहिलेल्यांचा आहार निकृष्ट होता, आराम कमी होता. तरीही १९५९ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते. इतकेच नव्हे, घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाली, असेही दिसले नाही.

त्याचे कारण महत्त्वाचे आहे. योग्य औषधे सुरू झाली की रुग्णाकडून पसरणारी लागण लवकर घटते. घरच्यांना जंतू मिळतो तो मुख्यतः निदान होण्याच्या आधीच्या, खोकल्याकडे दुर्लक्ष केलेल्या दिवसांत. म्हणून आजार झालेल्याला बरे करायचे ते औषधांनीच. ती पूर्ण मुदतीची आणि न चुकता घ्यायला हवीत. पण नवे रुग्ण तयार होऊ नयेत असे वाटत असेल, तर हवा आणि आहार यांना पर्याय नाही. मद्रासचा अभ्यास आणि झारखंडचा अभ्यास एकमेकांच्या विरोधात नाहीत. एकाने उपचाराचा रस्ता दाखवला, दुसऱ्याने प्रतिबंधाचा.

देशाचे आकडेही हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये भारतात दर लाख लोकांमागे वर्षाला २३७ जणांना नव्याने क्षय होत होता. २०२३ मध्ये हे प्रमाण १९५ वर आले. घट नक्कीच आहे. तरी २०२३ या एका वर्षात देशात सुमारे २८ लाख जणांना क्षय झाला, म्हणजे जगातल्या दर चार रुग्णांपैकी एकाहून थोडे अधिक इथले. तपासणी मोफत, औषधे मोफत, तरीही ही संख्या. नळ वाहता ठेवून फरशी पुसत राहण्यासारखे हे आहे.

आजारातून गरिबी, गरिबीतून आजार

हवा आणि आहार यांच्यामागे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे माणसाचे काम. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आणि तोडणीचा हंगामही जवळपास तेवढाच. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने अंथरूण धरले की दुसऱ्याचेही काम थांबते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर राहते. अशा माणसाला 'विश्रांती घ्या, दूध-अंडी खा' असे सांगणे सोपे असते. राहायला ऊसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, तिच्यात वाकूनच शिरावे लागते. थंडीत ती चहूबाजूंनी बंद केलेली, आणि चूल दारातच पेटलेली. त्याच्या गोळ्या मध्येच सुटतात, त्या निष्काळजीपणामुळे सुटल्या असे कार्डावर लिहून मोकळे होता येते. खरे कारण वेगळे असते.

बायकांचे दुखणे आणखी निराळे. घरात सगळ्यांत शेवटी जेवायला बसणारी तीच, चुलीचा धूर छातीत भरून घेणारीही तीच. खोकला महिनाभर गेला नाही तरी 'हवा बदलली म्हणून असेल' यावर भागते. लग्नाच्या मुलीचा आजार लपवला जातो. सुनेला निदान होताच 'बरी झाल्यावर ये' म्हणून माहेरी धाडले जाते. लपवलेला आजार उशिरा कळतो आणि तोवर घरातल्या लेकरांना त्याचा प्रसाद मिळालेला असतो.

दगडखाणीत आणि दगड फोडण्याच्या कामात सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते. तिने फुप्फुसे आधीच जायबंदी झालेली असतात, त्यामुळे अशा कामगारांना क्षयाचा धोका कितीतरी पटींनी जास्त. आणि हा केवळ गरिबांचा प्रश्न आहे, असे समजून सुस्थितीतल्यांनी निश्चिंत राहू नये. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट, धूम्रपान करणाऱ्याला साधारण दुप्पट. बंद काचांचे वातानुकूलित कार्यालय आणि गच्च भरलेला, खिडक्या लावलेला शिकवणीचा वर्ग यांत हवेचा हिशेब गोवंडीच्या खोलीपेक्षा फारसा वेगळा नसतो.

काय करता येईल?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन, रात्रीचा घाम, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा. दोन्ही मोफत आहेत. लवकर निदान हाच घरच्यांना वाचवण्याचा पहिला उपाय, हे मद्रासच्या अभ्यासाने दाखवले आहे.

घरात एकाला क्षय निघाला तर बाकीच्यांनी, विशेषतः लहान मुलांनी, तपासणी करून घ्यावी. आजार नसलेल्यांना प्रतिबंधक औषधांचा कोर्स देता येतो, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण करावा. रुग्णाच्या ताटाबरोबर घरातल्या इतरांच्या ताटातही डाळ, शेंगदाणे, फुटाणे, जमेल तसे अंडे-दूध असावे. झारखंडमध्ये आजार टळला तो या इतरांचाच.

रुग्णाला उपचाराच्या काळात आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून थेट बँक खात्यात पैसे मिळतात. २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपयांनी सुरू झालेली ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. खाते आणि आधार जोडणीअभावी ती अडकली असेल, तर क्षयरोग केंद्रातल्या कर्मचाऱ्याकडे पाठपुरावा करावा. कामासाठी गाव सोडणाऱ्यांनी निघण्याआधी तसे सांगावे. निक्षय क्रमांकावर देशात कुठेही औषधे पुढे चालू ठेवता येतात.

घरात समोरासमोरची दारे-खिडक्या दिवसातून काही तास तरी उघडी राहतील असे पाहावे. खिडकीसमोर रचलेली अडगळ, खोके, वाळत घातलेल्या चादरी हटवाव्यात. रुग्णाची झोपायची जागा खिडकीजवळ असावी. पहिले काही आठवडे त्याने तोंडावर मास्क किंवा स्वच्छ कापड बांधावे. त्याचे ताट-वाटी वेगळे करण्याची गरज नाही. क्षय भांड्यांतून पसरत नाही, त्याने फक्त माणूस तुटतो.

पण नटवर पारेखच्या तळमजल्यावर खिडकी उघडून समोर भिंतच दिसत असेल, तर राहणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. तिथे निर्णय वास्तुरचनाकाराच्या आणि नगररचना खात्याच्या टेबलावर झालेला असतो. येत्या काळात मुंबई, ठाणे, पुण्यात पुनर्वसनाच्या आणखी हजारो इमारती उभ्या राहणार आहेत. त्यांच्या आराखड्यांवर अग्निशमन दलाचा दाखला लागतो, तसा उजेड आणि वाऱ्याचा हिशेबही आरोग्य खात्याने तपासायला काय हरकत आहे? शिधावाटप दुकानातून धान्याबरोबर डाळ देण्याचा निर्णयही अन्न खात्याचा. क्षयरोग अधिकाऱ्याच्या हातात तो नाही. क्षयाचे पुढचे लाखो रुग्ण कोण असतील, हे बरेचसे या टेबलांवर ठरते. तिथे सही करणाऱ्यांनाही जिल्ह्याच्या क्षयरोग आढावा बैठकीला बोलावले पाहिजे.